गुरुत्व, गांभीर्य आणि आमची विहीर

या आठवड्यातले दोन दिवस एका बटणाने खाल्ले. मोबाइलच्या पडद्यावर मधोमध बसायला हवं असलेलं एक निरुपद्रवी हिरवं बटण डाव्या कडेला जाऊन चिकटत होतं आणि काही केल्या हलत नव्हतं. अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल. तिथे 'ग्रॅव्हिटी' नावाची एक सूचना असते आणि 'लेआउट ग्रॅव्हिटी' नावाची दुसरी. पहिली सांगते, माझ्या पोटात जे काही आहे ते कुठल्या बाजूला झुकावं. दुसरी सांगते, ज्या घरात मी राहतो तिथे मी स्वतः कुठल्या बाजूला टेकावं. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, आणि मी एकीच्या जागी दुसरी लिहून बसलो होतो. शुक्रवारी रात्री चूक सापडली तेव्हा स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली आणि अंधेरीहून विरार लोकल पकडली.

शनिवारी सकाळी ओटीवर चहा घेत बसलो होतो. (आमच्या गिरीजला अजून काही घरांना ओटी शिल्लक आहे. कौतुक म्हणून नाही, पाडायला वेळ मिळाला नाही म्हणून.) तेवढ्यात पुतणी वही घेऊन आली. चिऊ पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात.

"काका, ग्रॅव्हिटी या शब्दाचे जेवढे मिळतील तेवढे अर्थ लिहून आणायला सांगितलेत. टीचर म्हणाल्या, घरच्यांची मदत घेतली तरी चालेल."

म्हटलं, हा काय योगायोग! ग्रॅव्हिटीने दोन दिवस छळलंय, आता वचपा काढू. "पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. इथेच चुकलो. आयटीत सहा वर्षं काढूनही माणूस अंदाज द्यायला शिकत नाही तो नाहीच.

आजी शेजारी भाजी निवडत होती. तिने विचारलं, "मराठीत काय म्हणतात रे त्याला?"

"गुरुत्वाकर्षण."

"म्हणजे गुरूची ओढ ना? मग ती मला आहे की. नुसते गुडघे ऐकत नाहीत."

आजी वर्षानुवर्षं दर गुरुवारी हिराडोंगरीवर दत्ताच्या दर्शनाला जायची. हिराडोंगरी म्हणजे आमच्या गिरीजची टेकडी, वज्रगड असंही तिचं नाव आहे. गेल्या दोन वर्षांत ती वर चढलेली नाही. म्हणजे वरून गुरू ओढतोय आणि खालून गुरुत्व. मला हसू आलं, पण मग जाणवलं की आजी व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर बोलली होती.

कारण 'गुरू' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'जड'. शिक्षक हा अर्थ त्यातून पुढे आलेला. ज्याच्या शब्दाला वजन तो गुरू. त्याच्या उलट लघू, म्हणजे हलका. शाळेत वृत्तं शिकताना लघू-गुरू करत आपण मात्रा मोजल्या, त्या गुरूचा शिक्षकाशी संबंध नव्हता. ते अक्षर उच्चाराला वजनदार, एवढंच. गौरव हा शब्द गुरूपासून आला. गरिमाही त्यातलाच, आणि आठ सिद्धींमधली गरिमा म्हणजे तर चक्क हवं तेवढं जड होता येणं. (ही सिद्धी मला डेस्कवर बसून आपोआप प्राप्त होते आहे. :) ) पचायला जड ते गरिष्ठ, तेही त्याच घरातलं. आकाशातल्या गुरूला देवांच्या गुरूचं, बृहस्पतीचं नाव मिळालं तेव्हा त्याचं वस्तुमान कुणी मोजलेलं नव्हतं. पण योगायोग असा की तोच सगळ्यात वजनदार ग्रह निघाला. बाकीचे सगळे ग्रह एका पारड्यात टाकले तरी गुरू त्यांच्या दुपटीहून जास्त भरतो.

आणि गंमत म्हणजे लॅटिनमधला 'ग्रॅव्हिस' आणि संस्कृतमधला 'गुरू' हे एकाच आजीचे नातू. भाषेच्या अभ्यासकांनी दोन्हींचं मूळ एकच धरलंय. म्हणजे गुरुत्व हे ग्रॅव्हिटीचं नुसतं भाषांतर नाही, ती दोन चुलत भावंडांची हजारो वर्षांनी झालेली भेट आहे. संस्कृतात गरोदर बाईला 'गुर्विणी' असाही शब्द आहे आणि इंग्रजीत त्याच अर्थाचा 'ग्रॅव्हिड'. दोन्हीकडे बाई 'जड'च. इंग्रजीतला दुःखासाठीचा शब्द 'ग्रीफ', तोही याच कुळातला. जे माणसाला जड करतं ते. कबरीचा 'ग्रेव्ह' मात्र या घरातला नाही. मला वाटायचं की गंभीर 'ग्रेव्ह' आणि कबर 'ग्रेव्ह' हे एकच, शेवटी सगळे तिकडेच जातात म्हणून. पण कबरीचा शब्द 'खणणे' या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून आला. खणण्यावरून पुढे बोलायचं आहेच.

चिऊच्या वहीत एवढं लिहून झालं तेव्हा साडेदहा वाजले होते. घरातले व्हॉट्सअॅपप्रेमी सदस्य (नाव सांगत नाही, ते माझे वडील आहेत) मध्येच म्हणाले, "लिही, ग्रॅव्हिटीचा शोध न्यूटनच्या आधी पाचशे वर्षं भास्कराचार्यांनी लावला." यावर आमचा नेहमीचा वाद झाला. भास्कराचार्यांनी १९५० साली नव्हे तर तब्बल ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला आणि त्यात पृथ्वीला आकर्षणाची शक्ती असते, म्हणून जड वस्तू तिच्याकडे ओढल्या जातात, असं स्पष्ट म्हटलं, हे खरं. त्याच्याही आधी वैशेषिकांनी गुरुत्व हा पदार्थाचा एक गुण मानला होता आणि वस्तू पडण्याचं कारण म्हणून तो सांगितला होता, हेही खरं. पण झाडावरून फळ खाली आणणारं आणि चंद्राला फिरवत ठेवणारं बळ एकच आहे आणि अंतर दुप्पट केलं की ते एकचतुर्थांश होतं, हे गणित १६८७ साली न्यूटनने मांडलं. दोघांच्या वाट्याचं दोघांना द्यावं, त्यात कुणाचाच गौरव (पुन्हा गुरू!) कमी होत नाही. बाबा म्हणाले, "तू फार जड बोलतोस."

आणि तिथून गाडी 'जड'वर गेली.

मराठीत जडाचा संसार केवढा मोठा आहे बघा. पोरीला सासरी पाठवताना अंतःकरण जड होतं. निघवत नसलं की पाय जड होतात. जागरणाने डोळे जड, सर्दीने डोकं जड, गर्वाने जीभ जड. लेख जड असतो, जेवण जड असतं. मठ्ठ पोरगा जडबुद्धी. जड हलत नाही म्हणून त्यात जीव नाही, म्हणून एकीकडे जड आणि दुसरीकडे चेतन. आणि जड पाणीही आहे! आमच्याकडे बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, त्याला लोक जड पाणी म्हणतात (पुस्तकात त्याचं नाव दुष्फेन). पण आमच्याच पालघर जिल्ह्यात वर तारापूरला खरंखुरं जड पाणी आहे. तिथल्या १९६९ सालच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्यावरच्या. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसरी आणि चौथी मात्र जड पाण्यावर चालतात. ते पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के जड असतं. त्याने आंघोळ करून फेस येतो का, हे कृपया मला विचारू नये.

जड वाईट, पण त्याचाच भाऊ 'भारी' मात्र एकदम भारी! पिक्चर भारी, बाइक भारी, पोरगी भारी. आणि 'वजन' तर काय, माणूस वजनदार असला की त्याची कामं होतात आणि नसला तर कागदावर वजन ठेवावं लागतं. फाइल वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवायचं वजन हे फाइल पुढे ढकलायलाच लागतं, हा न्यूटनला न सुचलेला नियम.

चिऊ हे सगळं लिहून घेत होती. मग तिने डिक्शनरीतला दुसरा अर्थ वाचून दाखवला, सीरियसनेस. "याला मराठीत काय, काका?"

"गांभीर्य."

"गंभीर म्हणजे पण जड का?"

मी हो म्हणणार होतो. सवयीने नेटवर बघून घेतलं आणि गप्प बसलो. गंभीर म्हणजे जड नाही. गंभीर म्हणजे खोल. संस्कृतात नदी गंभीर, समुद्र गंभीर, आवाज गंभीर. जिथे तळ लागत नाही ते गंभीर. इंग्रजीने ग्रॅव्हिटी हा शब्द आधी माणसाच्या भारदस्तपणासाठीच उचलला होता, दगड खाली पडण्यासाठी तो सतराव्या शतकात वापरात आला. म्हणजे गोऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती, जिला वजन आहे. आपल्याकडे गुरू आहेच, पण त्याच्या जोडीला आपण दुसरं मापही ठेवलंय. महत्त्वाची गोष्ट ती, जिला खोली आहे. वजन बाहेरून उचलून कळतं. खोली कळायला आत उतरावं लागतं.

(क्रिकेटवाल्यांसाठी: २०११ च्या फायनलला वानखेडेवर ९७ करणारा गंभीर आडनावाला जागला होता, एवढं बोलून पुढे जातो.)

आणि खोल म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट आठवते. विहीर.

आमची विहीर आजोबांच्या वडिलांच्या काळातली. तेव्हा तिच्यावर रहाट होता. गोल फिरणारं जनावर, त्याच्याबरोबर फिरणारं लाकडी चाक, आणि चाकावर बांधलेली गाडगी. खाली जाताना रिकामी, वर येताना भरलेली. पाणी एकदा वर आलं की पुढचं काम फुकट, पाटाने उतार बघून ते आपोआप केळीला, पानवेलीला, फुलझाडांना जायचं. वर चढवायला जनावराचे कष्ट, खाली न्यायला गुरुत्व. वसईची केळी, पानं आणि फुलं दादरच्या बाजारात पोहोचली ती या व्यवस्थेवर. मी रहाट चालताना पाहिलेला नाही. माझ्या आठवणीत पंपच आहे, आणि पंपाबद्दलची आजोबांची कटकट.

"अर्धा तास झाला. मोटर बंद कर."

रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पाव तास, एवढाच पंप. मोटर चालू-बंद करायचं काम कॉलेजपासून माझ्याकडे होतं. मी विसरलो की आजोबा पडवीतून ओरडायचे. विहीर तर भरलेली दिसायची, मग ही कंजुषी का, ते कळायचं नाही. विचारलं की म्हणायचे, "गोडं पाणी वर बसलंय रे. खाली खारं आहे. वरच्याला ओढलंस की खालचं उठतं." एप्रिल संपता संपता ते रोज सकाळी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. एखाद्या वर्षी तोंड वाकडं झालं की पाव तास अजून कमी.

इंजिनीअरिंगला असताना मला हे अडाणी वाटायचं. पुढे कधीतरी वाचताना कळलं की आजोबांचं वाक्य एका नियमाच्या नावाने पुस्तकात छापलेलं आहे. १८८८ च्या सुमारास बॅडन घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन माणसाने तो वेगवेगळा मांडला. गणित सोपं आहे. गोड्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १, समुद्राच्या पाण्याचं साधारण १.०२५. फरक फक्त अडीच टक्क्यांचा. पण त्या अडीच टक्क्यांवर किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांचं पिण्याचं पाणी तरंगतंय. जमिनीखाली समुद्राचं पाणी आत शिरलेलं असतं आणि पावसाचं मुरलेलं पाणी, हलकं म्हणून, त्याच्या डोक्यावर बसतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल तर खाली खारं पाणी सुमारे चाळीस मीटरवर दाबलेलं राहतं. आता हे उलटं वाचा. वरची पातळी एक मीटरने उतरवलीत तर खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर यायला बघतं.

हे पुस्तकातलं आदर्श गणित आहे. आमच्याकडे जमिनीखाली कुठे वाळू, कुठे चिखल, कुठे काळा पाषाण, त्यामुळे खरा हिशोब इतका सरळ नसतो आणि खारं पाणी एका रात्रीत येतही नाही. पण दिशा तीच. आणि वसईने हे प्रत्यक्ष भोगलंय. १९८०च्या दशकात मुंबईच्या बाहेर इमारती वाढल्या, नळ नव्हते, मग टँकर आले आणि वाड्यांमधल्या विहिरींवर दिवसरात्र पंप चालू लागले. बऱ्याच विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी हरित वसईची चळवळ उभी केली, त्यात जमिनीइतकाच पाण्याचा प्रश्न होता. फादर २०२४ मध्ये गेले. त्या काळात आमच्याही दारात टँकरवाला आला होता म्हणे, आणि आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला होता.

चिऊला विशिष्ट गुरुत्व समजेना, म्हणून आम्ही प्रयोग केला. उंच काचेच्या ग्लासात मीठ घातलेलं पाणी घेतलं, त्यात बिटाचा रस टाकून ते लाल केलं. मग चमच्याच्या पाठीवरून, अगदी हळू, वर साधं पाणी सोडलं. खाली लाल, वर पांढरं, मध्ये सुरेख रेघ. मग चिऊने वरच्या पांढऱ्या पाण्यात स्ट्रॉ घातली. हळू प्यायली तेव्हा रेघ जागच्या जागी. मग मी सांगितलं, आता जोरात ओढ. रेघेतून लाल शंकू वर उठला आणि थेट स्ट्रॉमध्ये शिरला.

"ई! खारट!"

आजी निवडलेली भाजी मांडीवर ठेवून बघत होती. "हेच ते," ती म्हणाली. "हेच सांगून सांगून गेले."

आता मला हव्या त्या आणि नको त्या गोष्टीकडे यावं लागतंय. दिवसभर शब्दांशी खेळताना मी ती टाळत होतो.

गेल्या वर्षीचा जुलै. आमच्या हापिसात प्रत्येक गडबडीला सिव्हिरिटी देतात, एक ते चार. एक म्हणजे सगळं टाकून धावा; चार म्हणजे कधीतरी बघू. त्या दुपारी एक नंबरची गडबड चालू होती. लोकांचे पैसे कापले जात होते आणि ऑर्डर नोंदत नव्हती. पंधरावीस जण एका कॉलवर. चार वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला.

"आजोबांना दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, प्रकृती जरा गंभीर आहे. तुझं काम आटप आणि ये."

मी म्हणालो, "हो, निघतो." आणि निघालो नाही.

कारण मी त्या वाक्याला मनातल्या मनात सिव्हिरिटी दिली. 'जरा' ऐकलं, 'काम आटप' ऐकलं, आणि तीन नंबर दिला. आपल्या आया कशा बोलतात ते मला माहीत नव्हतं का? मराठी माणूस वाईट बातमी सांगताना तिचं वजन काढून घेऊन देतो. 'जरा' बरं नाहीये, 'थोडंसं' लागलंय, 'काळजीचं काही नाही पण' ये. काढलेलं वजन ऐकणाऱ्याने परत घालून घ्यायचं असतं, हा त्यातला अलिखित करार आहे. माझ्या आईने आयुष्यात 'गंभीर' हा शब्द माझ्याशी बोलताना त्याआधी कधीच वापरला नव्हता. तो एक शब्द पुरेसा होता. मी वजन बघत बसलो, खोली बघितलीच नाही.

गडबड सहाच्या सुमारास सुटली. माझ्यामुळे नाही. दुसऱ्याच टीममधल्या एका मुलीने ती सोडवली. मी पावणेदोन तास माइक बंद करून नुसता ऐकत होतो. मग 'एकदा खात्री करू' म्हणून अजून तासभर. मग पाऊस, मग लोकल, भाईंदरच्या खाडीवर गाडी अर्धा तास उभी. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. सातच्या सुमारास आजोबांची शुद्ध गेली होती. ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

शुद्ध जाण्याआधी ते दोनदा माझ्याबद्दल बोलले, असं आजीने सांगितलं. एकदा विचारलं, "तो आला का?" आणि नंतर थोड्या वेळाने, "मोटर बंद केली का विचार त्याला."

काही फार मोठं सांगायचं नव्हतं त्यांना. रोजचंच. पण मला ते रोज टोचतं. मोठी गडबड झाली की आम्ही हापिसात नंतर दहा पानांचा अहवाल लिहितो. किती वाजता काय झालं, कुणाला कधी कळलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्या दिवसाचाही अहवाल लिहिला गेला, त्यात माझं नाव 'उपस्थित' म्हणून आहे. दुसरा अहवाल कुणी मागितला नाही. तो लिहिला असता तर त्यात एकच ओळ असती: चार वाजून दहा मिनिटांनी त्याला कळलं होतं.

हे मी चिऊला सांगितलं नाही अर्थातच. पण ग्रॅव्हिटीच्या दुसऱ्या अर्थाखाली तिने वाक्य मागितलं तेव्हा मला सुचेना. शेवटी तिनेच एक साधंसं लिहिलं.

असो. मे महिन्यातली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

टँकरवाला पुन्हा आला होता. जुना नाही, नवा. पॅन्ट-शर्ट नीट, हातात चांगला फोन. सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारला येतं, योजना मोठ्या झाल्या, तरी उन्हाळा आला की टँकर फिरतातच. त्याने महिन्याचा आकडा सांगितला. आकडा भारी होता. दादाच्या घराचे हप्ते चालू आहेत, वाडीतून आता पूर्वीसारखं काही निघत नाही, सोनचाफ्याची झाडं तेवढी टिकून आहेत. दादा म्हणाला, "दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. पावसात विहीर परत भरेल." तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणजे हप्त्यांच्या बाजूने बघितलं तर.

मी एक मीटर-चाळीस मीटरचं गणित मांडलं. दादाने विचारलं, "आणि शेजारच्यांनी दिलं तर? खाली पाणी एकच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. खारं पाणी सातबारा बघून वर येत नाही. आम्ही थांबून शेजाऱ्याने पंप सोडला, तर आमची विहीरही जाणार. आमच्या एका घराच्या 'नको'ला वजन किती?

बाबा इतका वेळ काही बोलले नव्हते. ते उठले, विहिरीवर गेले, पोहरा सोडला, ओंजळभर पाणी घेऊन चाखलं. मग परत येऊन म्हणाले, "या वर्षी नको." आणि मग त्यांनी मला आश्चर्य वाटेल असं काम केलं. संध्याकाळी सदरा घालून ते आजूबाजूच्या चार घरी गेले. दोघांनी यंदा देणार नाही म्हटलं, एकाने बघतो म्हटलं, एकाने चहा पाजून परत पाठवलं. आमचे बाबा, जे सोसायटीच्या मीटिंगलाही तोंड उघडत नाहीत! ते परत आले तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची चाल आजोबांसारखी वाटली.

पुढच्या वर्षी काय, माहीत नाही. दादाचे हप्ते अजून अकरा वर्षं आहेत.

पण तेव्हापासून मी दर रविवारी विहिरीची पातळी मोजतो. काल चिऊला बरोबर घेतलं. पद्धत अगदी सोपी. दोरीला दर फुटावर गाठ मारलेली, टोकाला दगड बांधलेला. काठावरून दोरी सोडायची. दगड पाण्याला लागला की आवाज येतो, तिथपर्यंतच्या गाठी मोजायच्या. मग अजून सोडायची. दगड तळाला टेकला की दोरी सैल पडते, पुन्हा गाठी मोजायच्या.

चिऊने आधी नुसतीच दोरी सोडून बघितली. ती पाण्यावर वेटोळं घालून तरंगत राहिली.

"दगड कशाला लागतो कळलं?" मी विचारलं.

"हो. वजन नसेल तर किती खोल आहे ते कळतच नाही."

ती हे सहज बोलली आणि गाठी मोजायला लागली. मी काठावर तसाच उभा राहिलो. मग तिने वही उघडून आकडा लिहिला, आणि त्याच पानावर, शाळेच्या अर्थांच्या खाली, आपल्या मनाने अजून एक अर्थ लिहिला. टीचर तो बरोबर देतील की नाही, कुणास ठाऊक.

रविवारची सकाळ संपत आली. आतून आजीचा आवाज येतोय. अर्धा तास होऊन गेला असणार.

मोटर बंद करून येतो.